वेताळ स्टेशनवर भेटायचा

आजचा प्रश्न जुहूतल्या सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवरचा. तिथं चॉकलेट असतं, च्युइंगगम असतं. मग सुपरहिरोचं कॉमिक का नसतं?

पूर्वी असायचं. म्हणजे काउंटरवर नाही, पण पेपरच्या स्टॉलवर, स्टेशनवर. १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि पुढे वेताळ चक्क मराठी बोलायला लागला. आजोबांना विचारा, डोळे चमकतील!

गोम आहे ती न खपलेल्या अंकांची. मासिकांच्या धंद्यात ते परत जातात, दुकानदाराचं नुकसान होत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात खास कॉमिक्सची दुकानं वाढली. त्यांना सवलत जास्त, पण माल परत नाही. हळूहळू कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉमिक्स गेली, आणि लहान मुलं त्या खास दुकानांत एकटी थोडीच जाणार?

त्यात पातळ अंक शेल्फवर उभा ठेवला तर दिसतच नाही. जाड पुस्तक दिसतं. म्हणून ‘डॉग मॅन’ पुस्तकांच्या दुकानात खपतो.

आपल्या मुंबईचा स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, २००४मध्ये कॉमिकमधूनच आला. बहुतेकांना तो भेटला २०२३च्या सिनेमात. त्याला चॉकलेटशेजारी एक फिरता स्टँड द्या ना, न खपलेले अंक परत घ्यायच्या बोलीवर!