जाळें विणणारा लांडगा

पावसाळा सरत आला म्हणजे परभणीच्या आसपासच्या काळ्या रानांत पहांटे फिरावयास जावें. धुऱ्यावरील गवतावर दंव पडलेलें असतें, आणि एरव्हीं नजरेस न येणारीं जाळीं त्यामुळें जागोजाग पांढरीं उमटलेलीं दिसतात. तीं चक्राकार नसून चादरीसारखीं सपाट असतात. एका बाजूस चादर निमुळती होऊन नळीसारखी गवताच्या बुडाशीं शिरते. त्या नळीच्या तोंडाशीं घरधनी टपून बसलेला असतो.

हा कोळी कोणत्या कुलांतला? एके वर्षीं मीं वर्गांत बेधडक सांगितलें कीं, हा अजेलेना नांवाच्या कोळ्याच्या कुलांतला. कारण नरसाळ्यासारखें जाळें ही त्या कुलाची ठळक खूण. पुढच्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्यानें तोच कोळी बरणींत घालून आणला. ती मादी होती. तिच्या पोटाच्या टोकाशीं अंड्यांची वाटोळी पिशवी चिकटलेली होती. मुलगा म्हणाला, "सर, अशी पिशवी लांडगा-कोळी वागवितो, असें आपणच सांगितलें होतें." भिंगाखालीं डोळे पाहतांच माझी चूक पदरांत पडली.

लांडगा-कोळ्यास आठ डोळे असून ते तीन ओळींत असतात: खालीं चार बारीक, त्यांवर समोर पाहणारे दोन मोठे, आणि मागें आणखी दोन. अजेलेनाच्या कुलांत आठही डोळे दोन ओळींत व बहुधा सारखेच. शिवाय लांडगा-कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी सूत काढणाऱ्या अवयवांस चिकटवून हिंडते, व पिलें बाहेर पडलीं कीं तीं तिच्या पाठीवर चढून बसतात. अजेलेनाची मादी पिशवी अंगावर वागवीत नाहीं.

लात्रेय या फ्रेंच पंडितानें १८०४ सालीं 'लायकोसा' ही प्रजाति स्थापिली. ग्रीक भाषेंतील लांडग्याच्या नांवावरून हें नांव पडलें. तिच्यावरून सुंडेवाल यानें १८३३ सालीं सबंध कुल कल्पिलें. आज त्यांत २४०० हून अधिक जाति आहेत. बहुतेक जाळें न विणतां धांवून शिकार करतात, म्हणून लांडगे. (खरा लांडगा कळपानें शिकार करतो, हा एकटा, तेव्हां उपमा अर्धीच लागते.)

आपल्या धुऱ्यावरचा हा 'हिप्पासा'. ही लहानशी प्रजाति सीमों यानें १८८५ सालीं वेगळी काढली. हिचे मागचे सूतावयव लांब असतात व ही आयुष्यभर जाळ्यावर राहते. विद्वानांचीही येथें तारांबळ उडालीच. ब्लॅकवॉल यानें १८६७ सालीं हिच्यांतील एक जाति 'लायकोसा'मध्येंच घातली होती. पुढें नांवें पडलीं तीं पाहा: एक 'अजेलेनॉयडीस', म्हणजे अजेलेनासारखी. पोकॉक यानें १९०० सालीं वर्णिलेल्या दोहोंपैकीं एक 'लायकोसिना', तर दुसरी 'पिसॉरिना', म्हणजे तिसऱ्याच एका कुलाची आठवण देणारी! तरी डोळे व अंड्यांची पिशवी यांच्या साक्षीनें सर्व एकाच कुलांत राहिल्या. १९२४ सालीं ग्रेव्हली यानें व १९८० सालीं टिकादर व मल्होत्रा यांनीं हिंदुस्थानांतील जातींचा पुन्हां तपशीलवार विचार केला.

आमची मादी नेमकी कोणत्या जातीची, हें ठरविण्यास तिचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागले असते, व त्यासाठीं तिला मारावें लागलें असतें. मुलास तें रुचलें नाहीं. त्यानें तिचें चित्र काढलें. त्याखालीं 'हिप्पासा' एवढेंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली, आणि मादी त्याच धुऱ्यावर नेऊन सोडली.