परगावची वही आणि यंत्राचा मुनीम

शिवणयंत्र घ्या, प्रेशर कुकर घ्या, नाहीतर नवा मिक्सर घ्या. खोक्यातून त्याबरोबर एक माहितीपुस्तिका येते आणि ती थेट खणात जाऊन पडते. पुढे कुकरची शिट्टी वाजेनाशी झाली की गृहिणीला तिची आठवण होते; पण तोवर ती रद्दीवाल्याकडे गेलेली असते. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याइतका उपेक्षित लेखक दुसरा नसेल! पण अलीकडे या बिचाऱ्याला एक असा वाचक लाभला आहे, की जो त्याचे अक्षरन् अक्षर वाचतो आणि वाचलेले खरे मानून चालतो. हा वाचक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’.

एजंट म्हणजे नुसते प्रश्नाचे उत्तर देऊन न थांबता, हाती दिलेली हत्यारे चालवून काम पुरे करणारा यांत्रिक मुनीम. दूरच्या संगणकावरील फाइल दुरुस्त करणे हे त्याचे नित्याचे काम. मात्र ती फाइल त्याच्यापुढे उघडी पडलेली नसते. तो आज्ञा धाडतो, तिकडून उत्तर येते, आणि त्या उत्तरावरून तो पुढचे पाऊल टाकतो. पुण्याच्या मालकाने सोलापूरच्या पेढीवर पत्र लिहून वहीतली नोंद सुधारून घ्यावी, तसाच हा व्यवहार. ‘जोशांच्या नावापुढचे पन्नास खोडून पाचशे करा’ असे पत्रात लिहिले आणि वहीत जोशी दोन निघाले, तर? तिकडच्या कारकुनाने अंदाजाने एकावर रेघ मारली, की झालाच घोटाळा. आणि त्या वहीत जोशांच्या पन्नास रुपयांऐवजी एखाद्या इस्पितळातल्या औषधांच्या मात्रा असल्या, तर घोटाळा पैशांवर भागत नाही.

यावर योजलेला उपाय साधा आहे. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘क्लॉड’साठी जे मजकूर सुधारण्याचे हत्यार केले, त्यात फाइल पाहणे, नवी लिहिणे, मधे ओळ घालणे आणि जुना मजकूर काढून नवा बसवणे अशा आज्ञा आहेत. शेवटच्या आज्ञेत जुना मजकूर जसाच्या तसा, मोकळ्या जागांसकट, द्यावा लागतो. आणि तो फाइलीत एकाच ठिकाणी सापडला पाहिजे. दोन ठिकाणी सापडला, तर हत्यार फाइलीला हात लावत नाही. म्हणून माहितीपत्रकातच सांगून ठेवावे लागते, की मागच्यापुढच्या ओळीही द्या, म्हणजे खूण पक्की होईल. ओळींचे क्रमांक का देऊ नयेत, असे कोणी विचारील. दहाव्या ओळीनंतर तीन नव्या ओळी घाला, की खालच्या साऱ्या ओळींचे क्रमांक बदलतात. आणि मुनिमाच्या हातात मात्र जुनीच यादी!

पूर्वीची हत्यारे माणसांसाठी होती आणि ती मोठी अबोल असत. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ‘एड’ नावाचा संपादक लिहिला. काही चुकले, की तो नुसते एक प्रश्नचिन्ह उमटवी. जाणत्याला तेवढे पुरे होई. नवख्याने डोके खाजवीत बसावे. यांत्रिक मुनिमाला असे प्रश्नचिन्ह दिले, तर तो तीच चूक पुन्हा करण्याचा संभव. त्याला सांगावे लागते, की मजकूर सापडला नाही, फाइल पुन्हा पाहा. किंवा सापडला, पण तीनदा. चुकीचा निरोप हादेखील माहितीपत्रकाचाच भाग झाला, असे मला वाटते.

2024 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या प्रयोगात हे नीट तपासून पाहिले. सबंध फाइल एकदम दाखवली, तर मुनीम गोंधळे. तीसच ओळी दाखवल्या तरी अडे. शंभर ओळींनी त्याचे काम सर्वांत चांगले झाले. त्याच वर्षी डिसेंबरात अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी आपला अनुभव लिहिला. मुनीम मूळ जागा सोडून दुसऱ्या कप्प्यात गेला, की ‘इथून पुढे अमुक’ अशा पत्त्याने दिलेल्या फाइली त्याला चुकत. त्यांनी नियम केला, की दर वेळी मुळापासूनचा पूर्ण पत्ताच द्यायचा. चूक थांबली! एकंदर सूचना सजवण्यापेक्षा हत्यारे नीट करण्यातच आपला अधिक वेळ गेला, असेही ते सांगतात.

अंतर पडले, की आणखी एक पंचाईत उभी राहते. आज्ञा गेली, पण उत्तर येण्यापूर्वीच तार तुटली. काम झाले की नाही? ‘मधे ओळ घाला’ ही आज्ञा पुन्हा धाडली, तर ओळ दोनदा बसेल. ‘जुने काढून नवे बसवा’ ही पुन्हा धाडली, तर जुने तिथे नसल्याने बहुधा नुसता नकार येईल; मात्र नव्या मजकुरात जुना पोटी असला, तर तीही दोनदा लागू पडेल. अर्धवट लिहिलेल्या फाइलीचा धोका निराळाच. चांगले हत्यार आधी शेजारी नवी प्रत पुरी लिहिते आणि मग एका झटक्यात नाव बदलून ती जुनीच्या जागी ठेवते. दरम्यान तिसऱ्याच कोणी फाइल बदलली असेल, तर तेही पडताळून पाहावे लागते. हत्यार यातले काय करते आणि काय करत नाही, हे माहितीपत्रकात स्पष्ट असावे. ‘सुरक्षित’ एवढा एकच शब्द लिहून हात झटकणारी पत्रके पाहिली, की संताप येतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या पद्धतीत प्रत्येक हत्याराबरोबर त्याचे नाव, वर्णन आणि त्याला काय काय द्यायचे याचा तक्ता मुनिमाकडे जातो. म्हणजे तिथे वर्णन बदलले, की एका अर्थी हत्यारच बदलले. उलटही खरे आहे. क्लॉडच्या त्या हत्यारात पूर्वी ‘केलेले मागे घ्या’ अशी एक आज्ञा होती. 2025 साली आलेल्या नव्या आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. अशा वेळी जुने वर्णन कुठे तसेच राहिले, तर मुनीम बिनधास्तपणे फाइलीत हात घालणार, आणि मागे फिरायची वेळ आली की त्याला कळणार, की ती वाट आता उरलेली नाही.