कोरफडीचीं वेगळीं बिऱ्हाडें

दारावर उलटी टांगलेली कोरफड महिनोन्‌महिने हिरवी राहते, हें महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांनीं पाहिलेलें आहे. मुळांना मातीचा स्पर्श नाहीं, पाण्याचा थेंब नाहीं, तरी एखादें नवें पान वर वळून वाढूं लागतें. असल्या चिवट झाडास मारावयाचें म्हणजे कांहीं विशेषच खटपट केली पाहिजे, असें कोणासही वाटेल. ती खटपट नवशिका बागवान मोठ्या मायेनें करतो. तो तिला रोज पाणी घालतो.

कोरफड मूळची अरबस्तानांतल्या कोरड्या डोंगराळ भागांतली. तिच्या पानांतील गर हा पाण्याचा सांठाच होय. दिवसा ऊन तापलें कीं ती पानांवरील सूक्ष्म छिद्रें मिटून घेते. रात्रीं हवा गार झाली म्हणजे तीं उघडून कर्बवायु आंत ओढते, आम्लाच्या रूपानें सांठविते आणि दुसऱ्या दिवशीं त्यावर आपलें अन्न शिजविते. पानफुटीचा व्यवहारही असाच चालतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील बेंजामिन हाइन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांत पानफुटीचीं पानें चाखलीं, तेव्हां तीं पहाटे आंबट आणि दुपारीं बेचव लागलीं. हें त्यानें १८१३ सालीं एका पत्रांत कळविलें. त्यामागचें रहस्य उलगडावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें गेलीं. पाण्याच्या बाबतींत इतक्या काटकसरी झाडाच्या मुळांशीं सदैव चिखल ठेवला तर मुळांना हवा मिळत नाहीं आणि तीं कुजतात.

तीन-चार वर्षांत एका कोरफडीभोंवतीं मुनव्यांचा मोठा गोतावळा जमतो. कुंडी तीच, माती तेवढीच, खाणारीं तोंडें मात्र दहा. पानें बारीक व फिकट दिसूं लागलीं म्हणजे वांटणीची वेळ आली असें समजावें. मुंबईसारख्या ठिकाणीं, जेथें पावसाळ्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हें काम श्रावणांत काढूं नये. ओल्या हवेंत जखम सुकत नाहीं. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबराच्या सुमारास, किंवा फेब्रुवारींत तें करावें.

आधीं आठवडाभर पाणी बंद ठेवावें. मग कुंडी आडवी करून सबंध झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढावें. मुनवा वरून धरून उपटण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांत मुळें आईपाशीं राहतात आणि हातीं नुसता शेंडा येतो. माती हलक्या हातानें झाडली कीं आई व मुनवा यांना जोडणारा जाड दांडा दिसतो, तो स्वच्छ सुरीनें कापावा. ज्या मुनव्याला स्वतःचीं चार पानें व थोडीं मुळें आहेत तोच वेगळा काढावा. बाकीचे अजून आईच्याच ओट्यांतले.

यापुढची पायरी नवशिक्यास सर्वांत जड जाते, कारण ती कांहींच न करण्याची आहे. कापलेले मुनवे सावलींत, कोरड्या जागीं, तीन-चार दिवस उघडे ठेवावे. जखमेवर खपली धरली कीं मगच लावावे. कुंडीला भोंक हवेंच. त्यावर खापरीचा तुकडा, मग निम्मी बागेंतली माती, निम्मी जाड वाळू, व मिळाल्यास विटांचा चुरा. शेणखत मूठभर पुरे. मुनवा पूर्वीइतकाच खोल बसवावा. मधला गाभा मातींत गाडला गेला तर तो सडतो.

पहिलें पाणी आठवड्यानें, आणि पुढें बोट घालून माती आंतपर्यंत कोरडी लागेल तेव्हांच. पंधरवडाभर कडक ऊन नको, नाहीं तर पानें तांबूस पडतात. पान पातळ होऊन आंत वळलें तर झाड तहानलेलें असतें. बुडाशीं मऊ व पाणचट झालें तर मात्र पाणी फार झालें. ह्या दोहोंत गल्लत करून पुष्कळ कोरफडी गेल्या आहेत.

पानफुटीचें नुसतें पान मातीवर टाकलें तरी त्याच्या कडेला रोपें फुटतात. तें पाहून कोणी कोरफडीचें पान रोवून वाट पाहत बसतात. तें बहुधा कुजतें. कापतांना सालीखालून गळणारा पिवळा, कडू चीक हातांस लागला तर धुवून टाकावा. वाळवून त्याचाच काळा बोळ होतो आणि तो तीव्र रेचक आहे. मुलांच्या तोंडांत तो जाऊं देऊं नये, गर्भवतीनें तर पोटांत घेऊंच नये.

दीड-दोन महिन्यांनीं गाभ्यांतून नवें पान डोकावलें म्हणजे मुनव्यानें मूळ धरलें. तोंवर त्यास हलवून पाहूं नये.