पावसाळ्यात भिंतीवरचा तुगरा कसा जपाल?

कोलाड-रोहा परिसरातल्या अनेक घरांत बैठकीच्या खोलीत आयतुल कुर्सीचा तुगरा असतो. काही ठिकाणी तो आजोबांच्या हातचा. पावसाळा सरला की काचेआड बुरशी दिसते, कधी खिळ्यासकट फ्रेमच खाली येते. अल्लाहचं कलाम जमिनीवर पडलेलं पाहून जीव कळवळतो. हे टाळता येतं.

कारण भिंतीत आहे. आपला जांभा दगड सच्छिद्र. जून ते सप्टेंबर तो पाणी धरून ठेवतो. भिंतीला चिकटलेल्या फ्रेमच्या मागे हवा खेळत नाही, ओल थेट कागदात शिरते.

म्हणून पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत टाळा, आतली निवडा. मोरीला लागून असलेली भिंतही नको. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा, म्हणजे फट राहते. कागद काचेला टेकू नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी.

जांभ्यात साधा खिळा सैल होतो. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडा, लांब गिट्टी आणि स्क्रू वापरा. जड फ्रेमला एक नव्हे, दोन स्क्रू हवेत.

कागद ओला झालाच तर उन्हात ठेवू नका, सावलीत पंख्याखाली सुकवा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराला दाखवा. आणि आजच मोबाइलवर एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. कागद गेला तरी आजोबांचं अक्षर मुलांपर्यंत पोहोचेल.