न दिसणारी दुखापत : मानेचा हिसका, उपचार आणि भरपाई



आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवलेल्या माणसाने मोटार अपघातातल्या मानदुखीवर काय बोलायचं? पण आम्हांला विचाराल तर हा विषय आमच्याच अंगणातला आहे. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं कसं, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. तिथे तो गोड वाटायचा, कारण उत्तर चुकलं तरी कुणाचं नुकसान होत नव्हतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मात्र तोच प्रश्न पैशाचा होऊन उभा राहतो. जखमी माणूस सांगतो, "साहेब, मान दुखते." विमा कंपनीचे वकील विचारतात, "एक्स-रेमध्ये काय आलं?" एक्स-रेमध्ये काहीच आलेलं नसतं. मग पुढे काय?

आधी दुखापत समजून घेऊ. टोलनाक्याच्या रांगेत तुमची गाडी उभी आहे आणि मागून कुणीतरी ठोकतं. सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते. डोकं मात्र जागच्या जागी राहू पाहतं, आणि डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा भाग पुढे. म्हणजे मान क्षणभर इंग्रजी 'एस' अक्षरासारखी होते. अशा तऱ्हेने वाकण्यासाठी ती घडलेलीच नाही. मणक्यांमधले छोटे सांधे, स्नायुबंध, स्नायू हे सगळं ताणलं जातं. यालाच 'व्हिपलॅश' म्हणतात, चाबकाच्या फटक्यासारखा हिसका. पुष्कळदा त्या वेळी काहीच जाणवत नाही. माणूस खाली उतरतो, बंपर बघतो, समोरच्याशी दोन शब्द भांडतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मान उशीवरून उचलत नाही, डोक्याचा मागचा भाग ठणकतो, खांदे भरून येतात. कुणाला गरगरतं, कुणाचं लक्ष लागत नाही.

इथे एक थांबा. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, हातापायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, एक वस्तू दोन दिसणं, बोलणं अडखळणं, कधी नव्हे इतकी डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर ही साधी मानदुखी समजू नका. तडक रुग्णालय गाठा. वय पासष्टच्या पुढे असेल तर लक्षणं कमी असली तरी तपासणी टाळू नये. आणि हात जोडून सांगतो, सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान 'कडकन' मोडून घेण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती अशा मानेवर अजिबात नको. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात.

बाकीच्यांसाठी उपचाराची दिशा गेल्या काही दशकांत बदलली. पूर्वी मानेला पट्टा बांधायचे आणि आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे. १९९५ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तज्ज्ञांच्या एका गटाने या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. नुसतं दुखणं, दुखण्याबरोबर हालचाल कमी होणं, मज्जातंतूंची लक्षणं दिसणं आणि शेवटी हाड मोडणं किंवा निखळणं, असा तो चढता क्रम. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या माणसाला पट्ट्याचा फारसा उपयोग नाही; लवकर, सावकाश, दिवसातून अनेकदा मान हलवणं आणि नेहमीच्या कामाला लागणं हेच बरं, हा विचार तिथून रुजला. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्या, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, आणि मानेला काचेच्या भांड्यासारखं जपू नका. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत बराच उतार पडतो. तरी पुष्कळ जणांना वर्षानंतरही थोडंफार दुखत राहतं, हेही तितकंच खरं. सुरुवातीचं दुखणं जितकं तीव्र, तितका बरं व्हायला वेळ जास्त. आणि ज्यांच्या मनात 'हललो तर काहीतरी तुटेल' ही भीती बसते, त्यांनाही वेळ लागतो.

आता थोडं अवघड जागी जाऊ. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिथुआनियातला एक अभ्यास आला. त्या काळी तिथे अशा दुखापतीची भरपाई मागण्याची रीतच फारशी नव्हती. मागून ठोकर बसलेल्या २०२ जणांना एक ते तीन वर्षांनी विचारलं, तर त्यांची मानदुखी अपघात न झालेल्या माणसांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. पुढे २००० साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे १९९५ च्या आरंभी कायदा बदलला आणि वेदनेबद्दल वेगळी भरपाई मागण्याची वाट बंद झाली. त्यानंतर दाव्यांची संख्या घटली, आणि दावे निकाली निघायला लागणारा काळही कमी झाला.

विमावाल्यांना यातून हवा तो निष्कर्ष मिळाला : पैसा नसेल तर दुखणं नाही, म्हणजे सगळं सोंग! आम्हांला हा तर्क कच्चा वाटतो. लिथुआनियाच्या पहिल्या अभ्यासातल्या बऱ्याच जणांना अपघातानंतर मान दुखलेलीच नव्हती. तेव्हा न दुखलेल्यांचं दुखणं टिकलं नाही यात नवल ते काय? सस्कॅचेवानमध्ये दावे मिटले म्हणजे माना बऱ्या झाल्याच, असंही म्हणता येत नाही. धूर विझला म्हणून आग विझली हे अनुमान आमच्या नैयायिकांनी पहिल्याच वर्गात हाणून पाडलं असतं. लोखंडाचा तप्त गोळा धुराशिवाय जळतो, हे त्यांचं आवडतं उदाहरण.

पण या अभ्यासांत एक सत्य आहे आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. दाव्याला लागतं लक्ष आणि बरं व्हायला लागतं विसरणं. वकील म्हणतात, कुठे, किती, केव्हा दुखलं सगळं लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, दुखण्याकडे सारखं बघू नका, कामाला लागा. एकच माणूस सकाळी एकाचं ऐकतो आणि संध्याकाळी दुसऱ्याचं. दावा वर्ष-दोन वर्षं चालला, तर तेवढा काळ त्याला आपण आजारी आहोत हे सिद्ध करत राहावं लागतं. त्यात कसलंही सोंग नसतं. रोज आपल्या दुखण्याची उलटतपासणी घेणाऱ्याचं दुखणं सहज कसं जाईल?

यातून वाट आहे का? आम्हांला वाटतं, आहे. आणि ती शब्दाच्या निवडीतून निघते. गौतमांच्या न्यायसूत्रांत दुःखाचं लक्षण सांगताना 'बाधना' हा शब्द येतो. भाष्यकार त्याचा अर्थ पीडा, ताप असा करतात, आणि तो बरोबरच आहे. पण 'बाध्' या धातूत अडवणं, आड येणं हाही अर्थ आहे. आम्ही थोडी मोकळीक घेऊन म्हणतो : वेदना माझ्या आत असते, ती तुम्हांला दाखवता येत नाही, पण तिच्यामुळे जे अडतं ते बाहेर असतं, चार जणांना दिसतं. वहीत 'आज दहापैकी सात दुखलं' असं लिहू नका. 'आज रिक्षा मागे घेताना मान वळली नाही, दुपारी दोनला घरी आलो' असं लिहा. शिवणकाम करणारीने लिहावं की अर्ध्या तासावर वाकून बसता आलं नाही, चार ब्लाउज परत पाठवावे लागले. शिक्षकाने लिहावं की फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नाहीत. आणि ज्या दिवशी ते काम जमलं, त्या दिवशी तेही लिहावं. आठवड्यातून दोनदा, दोन ओळी पुरेत. अशा नोंदीचा कोर्टात उपयोग होतो, आणि फिजिओथेरपीत तर अधिकच, कारण काय परत मिळवायचं आहे त्याची ती यादीच असते. अडथळा ओसरत गेलेला दिसला तर दावा कमजोर होतो असं अनेकांना वाटतं. उलट, प्रामाणिकपणे ओसरत गेलेली नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत 'सात' सांगणाऱ्या वहीपेक्षा विश्वासार्ह ठरते.

कायदाही वेदना आणि अडथळा यांना शेजारी बसवतो, हे पाहून आम्हांला समाधान वाटलं. 'जबर दुखापत' म्हणजे हाड मोडणं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये शेवटी असंही आहे की, ज्या दुखापतीमुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत, तीही जबर दुखापतच. जुन्या दंडसंहितेत हा काळ वीस दिवसांचा होता. रुग्णालयात मात्र हाड शाबूत दिसलं की पहिल्याच दिवशी कागदावर 'साधी दुखापत' लिहिलं जातं. पंधरा दिवसांनी काय झालं हे पहिल्या दिवशीच्या कागदाला कळणार कसं? म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे जा, तक्रार सांगा आणि ती केस पेपरवर तारखेनिशी लिहून घ्या. याला महत्त्व आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली जबर दुखापतीला अडीच लाख रुपयांची भरपाई आहे आणि त्यासाठी चूक कुणाची होती ते सिद्ध करावं लागत नाही. पण त्यात एक मेख आहे : ही रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागणारा, दावा संपतो. सही करण्याआधी हिशेब करा.

कलम १६६ चा दावा जिथे अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. खोपोलीजवळ ठोकर बसलेल्या नागपूरच्या माणसाला रायगडला खेपा घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. पोलिसांत नोंद, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि फोटो, पहिल्या चोवीस तासांतली डॉक्टरी तपासणी, औषधांची आणि रिक्षाभाड्याची बिलं, रजेचा दाखला, हे सगळं एका फाइलीत. मागून ठोकणाऱ्याची चूक दाखवायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं की पुरतं.

मिळतं काय? राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची मांडणी केली आहे. नेहमीच्या दुखापतीत तीन गोष्टी : उपचाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदना व यातना. कायमचं अपंगत्व वैद्यकीय पुराव्याने ठरलं, तरच पुढच्या आयुष्यातल्या कमाईचा प्रश्न येतो. आणि तिथेही न्यायालय शरीराच्या टक्केवारीवर थांबत नाही. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाईल, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, असं उदाहरण त्या निकालातच आहे. हीच आमची 'बाधना'! त्याच निकालात उपचार न करता अपंगत्वाचे सढळ दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांबद्दल न्यायाधिकरणांना सावधही केलं आहे. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष विकत घेतलेल्या दाखल्यापेक्षा मोलाची. आणि गृहिणींनी 'मी तर घरीच असते' असं म्हणू नये. घरकामाला आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठासून सांगितलं आहे.

आपल्यापैकी काहींची मुलं इंग्लंडमध्ये आहेत, म्हणून तिथलं थोडं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅशचं दरपत्रकच आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या त्रासाला तेव्हा २४० पौंड ठरले आणि दोन वर्षांपर्यंतच्या त्रासाला ४,२१५ पौंड; पुढे हे दर वाढवले गेले. खोट्या दाव्यांची ओरड झाली म्हणून हे केलं. दावे लवकर मिटतात, हे मान्य. पण दर महिन्यांवर ठरतो, माणसावर नाही. व्हायोलिन वाजवणारा आणि निवृत्त माणूस दरपत्रकात बहुतांशी सारखेच. आपली पद्धत रेंगाळणारी आहे खरी, तरी ती निदान विचारते की तुमचं काय अडलं. आम्हांला ती अधिक माणुसकीची वाटते.

वकिलाबद्दल एक शब्द. मिळणाऱ्या भरपाईत टक्का ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शेवटी लोकअदालतीचं, कारण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात आणि त्यात वाईट काही नाही. दावा मिटला की मनावरचं ओझं उतरतं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून दावा मुदतीत दाखल करा आणि तडजोडीची घाई करू नका. मान आता कुठवर सुधारली आहे आणि पुढे सुधारायला किती वाव आहे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, आणि मगच आकड्यावर बोला.