घराला ओल का येते?

मृग लागला, दोन झडी झाल्या, की पुष्कळ घरांत एक कुबट वास सुटतो. पेटीतले कपडे दमट लागतात. भिंतीला खालच्या अंगाने काळे-हिरवे डाग पडतात. वहाणेवर पांढरी लव येते. माणसे म्हणतात, "पावसाळाच आहे, चालायचंच."

पण तसे नाही. एकाच गावात, एकाच पावसात एक घर कोरडे राहते आणि शेजारचे ओले. पाऊस तर दोघांवर सारखाच पडतो. फरक असतो तो घर बांधण्यात. तो फरक कोणता, हे आज आपण पाहू.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही जिवंत वस्तू आहे. तिचे बी इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सगळीकडे उडत असते. ते काही आपल्याला वेचून काढता येत नाही. पण बी उगवायला ओल लागते. कोरड्या भिंतीवर पडलेले बी तसेच पडून राहते. भिंत एक-दोन दिवस ओली राहिली, की ते रुजू लागते. म्हणून नुसती बुरशी खरवडून भागत नाही. ओलच तोडावी लागते.

ओलीने माणसाचे काय बिघडते? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर एक अहवाल काढला. ओलसर, बुरसट घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा व छातीचे विकार अधिक होतात, असे त्यात सांगितले आहे.

धान्य बुरसले तर त्याहून वाईट. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत लोकांनी पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ला. त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या बुरशीचे विष शिजवून जात नाही. म्हणून बुरसलेले धान्य धुऊन, वाळवून खाऊ नका. जनावरांनाही घालू नका. कणगी भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि खाली पाट किंवा विटा घाला.

ओलीच्या चार वाटा

पहिली वाट जमिनीतून. आम्ही शाळेत मुलांना एक प्रयोग दाखवीत असू. दौतीतल्या शाईत खडू उभा करून ठेवायचा. थोड्या वेळात शाई खडूत वर चढलेली दिसते. वीट आणि माती ही त्या खडूसारखीच असतात. जमिनीतले पाणी त्यांच्यातून हात-दोन हात वर चढते. त्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात. मग भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा गळून पडतो.

आपल्या नागपूरकडे काळी जमीन पुष्कळ. ती पाणी धरून ठेवते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे भिंतीही तडकतात आणि तडीतून पाणी आत येते. म्हणून पाया काळ्या मातीवर ठेवू नये. मुरूम लागेपर्यंत खणावे. जोते भोवतालच्या जमिनीहून निदान दीड फूट उंच ठेवावे.

दुसरी वाट वरून. माकडांनी कवेलू सरकवले, की तिथून पाणी झिरपते. म्हणून मृगापूर्वी छप्पर फेरावे. स्लॅब असेल तर तिला उतार हवा. स्लॅबवर पाणी साचले, की ते आज ना उद्या खाली उतरणारच.

तिसरी वाट बाजूने. आपल्याकडे पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. त्या भिंतीवर झड बसते. तिथे छपराची वळचण दोन फूट पुढे काढावी, किंवा छपरी करावी. खिडकीवर सज्जा हवाच. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरू देऊ नये. अंगणाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि नाली काढावी.

चौथी वाट आतून. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम येतो, तो आपण पाहतो. चुलीवरची वाफ, ओले कपडे, माणसांचा श्वास यांची वाफ अशीच थंड भिंतीवर जमते. तिला बाहेर जायला वाट हवी. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. चुलीवर उंच झरोका ठेवा. न्हाणी व पाण्याचे रांजण राहत्या खोलीच्या भिंतीपासून दूर ठेवा.

बापूंची कुटी

कोणी म्हणेल, हे सारे पैसेवाल्यांचे काम. तर वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन यावे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्यांची कुटी मातीच्या भिंतींची व कवेलूंची आहे. पण छप्पर खाली उतरलेले आहे आणि भिंतींना ओसरीचा आडोसा आहे. ती आजही उभी आहे. मातीचे घर वाईट नसते. ते भिजू देणे वाईट. मात्र दरवर्षी त्याची निगा राखावी लागते. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल त्यात कोंडते आणि माती आतून भुसभुशीत होते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो.

नवे घर बांधताना

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून खेड्यापाड्यांत घरकुले बांधली जात आहेत. तुमचे घरकुल मंजूर झाले असेल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जोत्याचे काम झाले, की भिंत उचलण्याआधी गवंड्याला सांगा, "जोत्यावर डी.पी.सी. घाल." म्हणजे दीड-दोन इंच जाडीचा सिमेंट, वाळू व गिट्टीचा घट्ट थर. त्यात पाणी अडवणारी पूड मिसळावी, किंवा वर डांबर लावावे. जमिनीतली ओल तिथेच अडते. लहान घराला यासाठी साधारण दोन-तीन पोती सिमेंट लागते. भिंत उभी राहिल्यावर हा थर खाली सरकवता येत नाही. मग जन्मभर दर पावसाळ्यात पोपडे झाडीत बसावे लागते.

घरात पाणी शिरले तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मोठा पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी पाणी ओसरले म्हणजे काम संपले असे नव्हे. गाद्या, कपडे, पेट्या लगेच बाहेर काढा. दारे-खिडक्या उघडा. भिंतीला टेकलेले सामान हलवा. जे एक-दोन दिवसांत वाळेल, त्याला बुरशी धरणार नाही.

वाचा आणि सांगा

१. ओल घरात कोणत्या चार वाटांनी येते?
२. बुरसलेला मका शिजवून का खाऊ नये?
३. डी.पी.सी. भिंत उचलण्याआधीच का घालावी?
४. आज आपल्या घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचे पाणी कुठे जाते, ते पाहा आणि घरच्यांना सांगा.