शाहनामा : इराणचा चित्रित वारसा

सातव्या शतकात अरबांनी इराणचे सासानी साम्राज्य जिंकले. पुढे धर्म बदलला, दरबारात आणि विद्येत अरबीचा अंमल सुरू झाला. इजिप्त आणि सीरिया कालांतराने अरबी बोलू लागले. इराणने मात्र फारसी सोडली नाही. सामानी राजांनी फारसीला आश्रय दिला होताच, पण तिला खरा आधारस्तंभ मिळाला तो फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’मुळे. खोरासानातील तूसच्या या कवीने कित्येक वर्षे खपून सुमारे ५० हजार द्विपदींचे हे महाकाव्य १०१० मध्ये पूर्ण केले. आद्य राजा कयूमर्सपासून सासानींच्या पाडावापर्यंतचा इराण त्यात आहे. जमशेद, फरीदून, रुस्तुम, सोहराब ही मुंबईच्या पारशी घरांतली नावे याच परंपरेतली. विश्राम बेडेकरांनी १९६३ मध्ये ‘रुस्तुम सोहराब’ हा हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला.

शाहनाम्याच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र प्रती साधारण १३०० च्या, म्हणजे मंगोल अमलातल्या आहेत. परक्या राज्यकर्त्यांना प्राचीन शहांचे वारस म्हणून मिरवायचे होते, म्हणून त्यांनी इराणचाच ग्रंथ चितारून घेतला. त्यांच्या चित्रांत इराणी वीर मंगोल अंगरखे घालतात, खडक आणि झाडे चिनी वळणाची दिसतात. जेत्यांनाच आपली गोष्ट सांगायला लावणे, हे या काव्याचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल. तैमूरी राजपुत्र बायसंगुरची १४३० ची हेरातची प्रत तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

या कलेचा कळस म्हणजे सोळाव्या शतकात तब्रीझमध्ये शाह तहमास्पसाठी घडलेली २५८ चित्रांची प्रत. तिच्यातील चित्रकार सुलतान मुहम्मदचे कयूमर्सच्या दरबाराचे चित्र तासन्‌तास पाहावे असे आहे. बिबट्याची कातडी पांघरलेले दरबारी डोंगरात अर्धवर्तुळ करून बसले आहेत आणि निरखून पाहिले की खडकाखडकांतून माणसांचे व प्राण्यांचे चेहरे उमटू लागतात.

१५६८ मध्ये ही प्रत उस्मानी सुलतानाला नजराणा म्हणून गेली. विसाव्या शतकात ती एका अमेरिकी संग्राहकाच्या हाती पडली आणि त्याने तिची पाने सुटी करून विकली. एकसंध काव्याची अशी चिरफाड अक्षम्य होती. ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळाली, तर कयूमर्सचा दरबार आज टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. उरलेली ११८ चित्रे इराणने १९९४ मध्ये परत मिळवली आणि त्यांच्या बदल्यात विलेम डी कूनिंगचे ‘वुमन ३’ हे आधुनिक चित्र देऊन टाकले.